छपरावरची काच आणि अव्वाची सुई

लातूर

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात गावातली शहाणी माणसं टाक्या विकत घेत होती आणि मी घराला चाकं लावत होतो. शाळेची पोरं वाहून दमलेली एक तेरा सीटची गाडी मी घेतली, आतली बाकं काढली आणि तिथं झोपायला फळ्या, एक शेगडी, एवढीशी मोरी आणि खाली साठ लिटरची पाण्याची टाकी बसवली. मोबाइलवर असल्या गाडीला मोटारहोम म्हणतात. आमच्या गल्लीत तिला ‘शिवाशेठचं येड’ म्हणायचे. माझं भांड्यांचं दुकान आहे, वय चोपन्न, आणि तोवरचं माझं सर्वांत मोठं साहस म्हणजे एका दिवाळीला मी स्टील कमी करून पितळ जास्त भरलं होतं.

पण या येडामागं कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी आई. तिला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिची थोरली बहीण, आमची गंगामावशी, इस्लापूरला असते. तिकडं किनवट तालुक्यात, सहस्रकुंडाजवळ. दोघींची नऊ वर्षांत भेट नव्हती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि दोघी एकमेकींना ‘मी बरी हाय’ असं सांगून फोन ठेवायच्या. खरं म्हणजे अव्वा दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई घेते, पण हे थोरल्या बहिणीला कळू द्यायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती.

डॉक्टरांनी सांगितलं, "औषध गार राहणार असेल तर न्या त्यांना. आठ डिग्रीच्या आत. या उन्हात गरम झालं की त्याचा भरवसा नाही. मग मागं फिरायचं."

म्हणजे प्रश्न एवढाच होता की आठवडाभर, त्रेचाळीस डिग्रीत, औषधाच्या चार बाटल्या गार ठेवायच्या. माझी बायको उमा म्हणाली, "थर्मासात बर्फ घालू की."

"रोज बर्फ कुठून आणायचा? लोकांना प्यायला पाणी नाही, त्याचा बर्फ कोण करणार?"

हे माझं बोलणं इतकं बिनतोड होतं की मलाच नवल वाटलं. म्हणून गाडीला फ्रीज आला. फ्रीजला बॅटरी आली. आणि बॅटरीचं पोट भरायला छपरावर सोलर पॅनल.

ती निवडायला मी दोन महिने घेतले. रोज जेवण झालं की परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचो. एक दाढीवाला गडी बर्फात गाडी उभी करून राहायचा आणि दिवसाला तीन तास ऊन मिळालं की हात जोडायचा. मला त्याची कीव यायची. आमच्याकडं टंचाई पाण्याची होती, उन्हाचा टँकर मागवायची पाळी अजून आली नव्हती. एवढ्या उन्हात एक पॅनल आख्खं घर चालवील असा माझा हिशेब होता. तो रशीदभाईनं पहिल्याच दिवशी मोडला.

रशीदभाई पूर्वी विहिरीच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचा. विहिरी आटल्या तशा मोटारी दुरुस्तीला येईनात. "खाली काय उरलं न्हाई शिवाशेठ," तो म्हणाला, "म्हणून वरचं धरलं."

मी त्याला माझी निवड दाखवली. पातळ, वाकणारं पॅनल, छपराला चिकटवायचं. वजन नाही, दिसायला झकास.

"बिलकुल न्हाई. ह्याच्या खालून हवा न्हाई. आपल्या उन्हात चपातीसारखं फुगतंय. काचेचे दोन घ्या. पट्ट्यांवर बसवू, खाली चार बोटं जागा सोडू."

"जागा कशाला?"

"पॅनल तापलं की काम कमी करतंय."

"अहो, ते उन्हावरच चालतं ना?"

"ऊन पायजे. ताप नको."

उमा मागं उभी होती. "म्हणजे यांच्यासारखंच," ती म्हणाली. "दुकान पायजे, गिऱ्हाईक नको."

रशीदभाईनं छपराला भोकं पाडायला घेतली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. गळेल का, म्हणून विचारलं. तो ड्रिल न थांबवता म्हणाला, "पाऊस आला तर गळंल. येऊ द्या तर खरं, पेढे वाटू." वायरी जोडून झाल्यावर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन्ही पॅनल एकामागं एक जोडलीत, त्यामुळं एकावर सावली पडली की दुसरं बी बसतंय. दुसरी गोष्ट म्हणजे, इंजिनवरून बॅटरीला एक वायर टाकून देतो, अडल्या वेळेला गाडी चालू केली की फ्रीज चालंल.

"नको," मी म्हणालो. "मग सोलर कशाला घेतलं?"

मला ‘इस्लापूरपर्यंत फक्त उन्हावर गेलो’ असं म्हणायचं होतं. कुणाला म्हणायचं ते ठरलं नव्हतं. रशीदभाईनं वायर पुन्हा गुंडाळून खिळ्याला टांगली.

फ्रीजवर आतली डिग्री लाल आकड्यांत दिसते. अव्वाला सगळ्या गाडीत तेवढी एकच गोष्ट आवडली. निघताना तिनं विचारलं, "किती?"

"चार."

"चल मग," ती म्हणाली.

अहमदपूरच्या अलीकडं

रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. आमची गाडी पांढरी, मोठी, खाली तोटी. दुरूनच त्या उठल्या. जवळ आल्यावर घागरी ओळीनं मांडूनही झाल्या होत्या. मी वेग कमी केला, आणि तीच चूक. थांबलेली गाडी म्हणजे टँकर.

"बाई, हा टँकर नाही," मी काच खाली करून सांगितलं. "यात आम्ही राहतो."

"मग तोटी कशाला लावल्याव?" एका म्हातारीनं विचारलं.

"आत थोडं पाणी आहे. आमच्यापुरतं."

"हाय म्हणायलास की मग."

मी मागं बघितलं. अव्वा खिडकीतून घागरींच्या ओळीकडं बघत होती. "दे," ती म्हणाली.

"अव्वा, पुढं आपल्याला लागेल."

"दे म्हणलं की."

साठ लिटर पाणी किती लवकर संपतं हे तोटीशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येकीला अर्धी-अर्धी घागर सुद्धा आली नाही. पण भांडण झालं नाही. म्हातारीच माप धरून होती. शेवटी तिनं छपराकडं बोट केलं. "ते डोस्क्यावर काय घेतलंय?"

मी खूश झालो. वाट बघत होतो कुणी विचारतंय का. उन्हापासून वीज कशी होते ते मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे ऊन धरायला भांडं निघालंय. पाण्याला न्हाई."

तीस वर्षं भांडी विकतोय मी. गाडी सुरू केली.

लोह्याजवळ

लोह्यापासून सहा किलोमीटरवर माझी चुलत बहीण शोभाक्का राहते. तिच्याकडं दोन दिवस थांबून पुढं जायचं ठरलं होतं. दारात तिच्या यजमानांनी, माणिकदाजींनी, स्वागत केलं आणि पहिलं वाक्य बोलले ते, "गाडी लिंबाखाली घ्या."

आमच्या मराठवाड्यात पाहुण्याला आधी पाणी देतात आणि त्याच्या गाडीला आधी सावली. त्या वर्षी पाणी अवघड होतं, त्यामुळं सावलीचा आग्रह दुप्पट होता. मी म्हणालो, दाजी, ही गाडी उन्हातच लावायची असते. ते हसले. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतोच, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

मी गाडी अंगणात भर उन्हात लावली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबट वरण जेवून बाहेर आलो तर गाडी लिंबाखाली. दाजींनी उमाकडून किल्ली घेतली होती. मी परत उन्हात आणली. तास-दीड तासानं चहा घेऊन बघतो तर पुन्हा लिंबाखाली.

"दाजी, अहो वरची काच उन्हावर चालते."

"चालू द्या की उद्या. आज पाव्हणी हाय ती बी," ते म्हणाले. "पाव्हण्याची गाडी उन्हात दिसली तर गाव माझ्या तोंडात काय घालंल?"

संध्याकाळपर्यंत एकूण चार फेऱ्या झाल्या. गाडी सहा किलोमीटर लांबच्या लोह्याला जाऊन आली असती तेवढी ती त्या अंगणात फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दाजींनी हार मानली. गाडी उन्हात, पॅनल चकचकीत, आणि फ्रीजवर सात. मी निर्धास्तपणे दाजींबरोबर गावात चहाला गेलो. गावात चहाला जाणं म्हणजे एका घरी जाऊन भागत नाही. ज्याच्या घरी गेलो नाही तो पुढच्या खेपेला तोंड फिरवतो. सात घरी चहा घेऊन, आटलेली विहीर वाकून बघून, तिच्या तळाशी एकेकाळी किती पाणी होतं ते ऐकून, बारा वाजता परतलो.

गाडीच्या दारात अव्वा उभी होती. आतून फ्रीज टी टी करून ओरडत होता.

"किती?" मी विचारलं. आमच्यात हा प्रश्न एरवी ती विचारायची.

"सतरा."

मी आत शिरलो. बॅटरी रिकामी. वरनं काही येत नव्हतं. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, आणि मीटरवर शून्य. रशीदभाईला फोन लावला.

"फ्यूज बघा."

"बघितला."

"वायर सुटली का?"

"नाही."

"ऊन हाय का?"

"रशीदभाई, लोह्यात उभा आहे मी."

तो म्हणाला, "वर चढून बघितलं का?"

मी मागच्या शिडीवरून चढलो. दोन्ही पॅनलवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओळीत, कुरडया घातलेल्या होत्या. गोल, पांढऱ्या, एकसारख्या. हात दुखेपर्यंत सोऱ्या दाबल्याशिवाय अशा पडत नाहीत.

"आक्का," मी वरूनच हाक मारली. "हे काय केलंस?"

शोभाक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या लेकीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, कुरडया रुखवताच्या होत्या. "वट्यावर शेळ्या येतात, पत्र्यावर माकडं," ती म्हणाली. "ही काच कशी उंच हाय, साफ हाय. तूच म्हणलास ना ती उन्हातच लावायची असती म्हणून. मग म्हणलं, रिकामी कशाला तापायलीय?"

तिच्या बोलण्यात कुठंच चूक नव्हती. मी तिला औषधाचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पण अर्धवट ओली कुरडई उचलली की तिचा भुगा होतो हे मलाही माहीत होतं, आणि मोडकी कुरडई रुखवतात ठेवत नाहीत. एका पॅनलवरच्या काढून भागलं नसतं. रशीदभाईनं जोडणीच तशी केली होती. गावात लाईट यायची ती संध्याकाळनंतर. आणि इंजिनवरून यायची ती वायर लातुरात रशीदभाईच्या खिळ्याला टांगलेली होती.

"मागं फिरायचं का?" उमानं हळूच विचारलं. "तीन तासांत घरी पोचू. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी न्हाई येत," अव्वा म्हणाली. "नऊ वर्षं झाली. गरमच टोचा."

शोभाक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग कुरडयांकडं, मग शेजारी हाक मारली. चार बायका उलथनी घेऊन आल्या. आयुष्यात कधी गाडीवर न चढलेल्या बायका माझ्या छपरावर गुडघ्यावर बसल्या आणि एक-एक कुरडई सोडवून खाली धरलेल्या लुगड्यावर सरकवू लागल्या. निम्म्या मोडल्या. मोडलेली प्रत्येक शोभाक्का वेगळ्या परातीत ठेवत होती. संध्याकाळी त्या तिनं आम्हाला गूळ घालून खायला दिल्या. मला त्या घशाखाली उतरवायला फार कष्ट पडले, चव उत्तम असूनही.

काच रिकामी झाली तरी मीटर जेमतेम हललं. कुरडया चिकटू नयेत म्हणून काचेवर तेलाचा हात फिरवला होता, आणि त्या तेलावर गावातली सगळी धूळ येऊन बसली होती. साबण-पाण्यानं धुवायला हवं होतं. आमची टाकी अहमदपूरच्या अलीकडंच संपलेली. शोभाक्काचा टँकर परवा यायचा होता, घरात दोन हंडे होते, आणि त्यातलं काच धुवायला मागायची माझी जीभ होईना.

अव्वानंच मोरीतली बादली पुढं सरकवली. आम्ही लिंगायत, हातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय अव्वा अन्नाला शिवत नाही आणि आंघोळीशिवाय पूजा करत नाही. हे माहीत असल्यामुळं शोभाक्कानं दुसऱ्या दिवशीच्या तिच्या आंघोळीची अर्धी बादली आधीच बाजूला काढून ठेवली होती.

"अव्वा, उद्या आंघोळ?"

"लिंगाला थेंब पुरतोय," ती म्हणाली. "तुझ्या काचेलाच बादली लागती."

मी काच धुतली. खाली उतरलेलं काळं पाणी माणिकदाजींनी पातेल्यात धरून लिंबाच्या बुडाला ओतलं. दोन वाजता फ्रीजवर पंधरा होते, चारला अकरा, दिवस मावळताना आठ. अव्वा दर थोड्या वेळानं "किती?" विचारायची आणि मी आकडा सांगायचो. आठ झाल्यावर तिनं विचारणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पूजा केली आणि निघायला तयार होऊन बसली.

भोकर

नांदेडविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे की पुलावरून गोदावरीचा वाळूचा रंग फार छान दिसतो, आणि नदीचा असा रंग दिसायला नको. तिथं आम्ही वीस लिटरचा पाण्याचा जार घेतला.

भोकरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं गाडीचा नंबर बघितला. "लातूर का? तुमचं बरंय. तुमी कवाच जिल्हा होऊन बसलाव. आमचं किनवट अजून लटकूनच हाय."

तो मूळचा किनवटचा होता. मी त्याला सांगितलं की आमचा जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आम्हाला पेढे वाटले होते.

"आन् पुढं काय मिळालं?"

"पुढं पाणी रेल्वेनं आलं."

तो मनापासून हसला आणि म्हणाला, "आमाला रेल्वे हाय. म्हंजे निम्मं काम झालंय."

इस्लापूर

हिमायतनगरच्या पुढं सागाचं रान लागतं. त्या दिवसांत त्याला पानं नसतात. नुसते खांब उभे, वीज मंडळानं तारा ओढायच्या राहिल्यासारखे. फ्रीजवर पाच होते. मी शीळ घालत होतो.

मावशीचं इस्लापुरात छोटं किराणा दुकान आहे, मागं दोन खोल्या. तिचा मुलगा हैदराबादला असतो. ती दारातच उभी होती, काठी टेकून. नऊ वर्षांनी भेटणाऱ्या बहिणी काय करतील म्हणून उमानं मोबाइल काढून ठेवला होता. अव्वा खाली उतरली, दोघींनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वाळलीस की गं," मावशी म्हणाली.

"तू काय फुगलीस का?" अव्वा म्हणाली. आणि दोघी आत गेल्या. व्हिडिओत फक्त बंद झालेलं दार आलं.

संध्याकाळी मी उमाला घेऊन सहस्रकुंड बघून आलो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली उडी घेते असं सगळे सांगतात. आम्ही खडक बघितला. आमच्यासारखेच आणखी चार-पाच लोक कड्यावर उभे राहून, पाणी कुठून कुठं पडत असतं ते एकमेकांना हातानं दाखवत होते.

परत आलो तेव्हा अव्वाच्या सुईची वेळ झाली होती. बहिणीपासून लपवायचं होतं, पण दोन खोल्यांत लपवणार किती. मी फ्रीजमधून बाटली आणली आणि, खोटं का बोलू, थोडी मिरवतच आणली. "पाच डिग्री आहे मावशी. आमच्या गाडीत फ्रीज आहे. उन्हावर चालतो."

मावशी बाटलीकडं बघत राहिली. तिच्याही घरात फ्रीज होता, मुलानं पाठवलेला. लाईटचा नेम नाही म्हणून त्यात तिची लुगडी होती. ती काठी टेकत उठली, चुलीमागच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक मोठं मडकं होतं, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं. झाकण काढून तिनं आत हात घातला आणि तसलीच बाटली काढून अव्वासमोर धरली.

"मी बी घेऊन राहिली," ती म्हणाली. "सात साल झाले."

अव्वानं आपली बाटली तिच्या बाटलीशेजारी ठेवली.

"फोनवर बोलली न्हाईस कधी," अव्वा म्हणाली.

"तू तरी कुठं बोलली? रोज आपलं ‘बरी हाय, बरी हाय’. म्हणून तर माझं येणं होत न्हवतं. येवढं मडकं घेऊन एष्टीत कशी बसू मी?"

अव्वानं सरकत जाऊन वाळूत हात खुपसला. "पाणी किती घालतीस ह्याला?"

"सकाळी एक तांब्या, दुपारी एक. उन्हाळ्यात तिसरा."

"आन् तुला मिळतंय किती?"

"दोन दिवसाला एक हंडा."

गाडीत मी एक वेगळा थर्मामीटरही ठेवला होता, तो आणून मडक्यात सोडून बघितला. तेवीस दाखवले. "मावशी, तेवीस आहे हे," मी म्हणालो. "आमच्यात पाच राहतं."

"गप बसा," उमा म्हणाली.

अव्वा अजून वाळूत हात घालून बसली होती. "म्हंजे तुझ्यापेक्षा तुझी दवाच जास्ती पाणी पितीय."

"पिऊ दे," मावशी म्हणाली. "ती पिती म्हणून मी हाय."

इस्लापूर, दुसरा दिवस

सकाळी मी काच पुसायला शिडीवर चढत होतो. अव्वा खाली येऊन उभी राहिली. "शिवा, ते काढ खाली."

"फडकं?"

"काच. दोन्ही. आन् तो फ्रीज बी. हितं बसव माझ्या अक्काच्या घरावर."

मी शिडीवरच थांबलो. पट्ट्या गाडीच्या मापाच्या आहेत, बॅटरी जड आहे, पत्र्याचा उतार बघावा लागेल, मावशीला ते जमणार नाही, परत जाताना तुझ्या बाटल्यांचं काय करायचं — मी एका दमात सगळं सांगितलं. आणखीही कारणं होती. दोन महिने निवडलं होतं मी ते. पण हे कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

"माझ्या बाटल्या मडक्यात येतील," अव्वा म्हणाली. "अक्काच्या सात वर्षं ऱ्हायल्या, माझ्या एक दिवस ऱ्हात न्हाईत व्हय?"

आतून मावशी ओरडली, "मला नको गं ते काच-बीच. माझ्या मडक्याला काय धाड भरली?"

"अक्का, लहानपणापासून तू सांगितलंस आन् मी ऐकलं. आज ऐकून घे."

"कधी ऐकलं हिनं?" मावशीनं दारात येऊन मला विचारलं. "शिवा, तुझी माय पाळण्यातून हट्टी हाय." पण ती काठी टेकून तिथंच उभी राहिली, आणि मी पहिला नट सोडवला तेव्हा तिनं आतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं.

रशीदभाईला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "दोन महिने घासाघीस करून घेतलेलं एका दिवसात देऊन टाकलं?"

"मी नाही. अव्वानं."

"मग ठीक हाय. पत्रा तापतो, चार बोटं सोडा. तोंड दक्षिणेला करा."

गाडीला बसवायला चार दिवस लागले होते, मावशीच्या पत्र्यावर दुपारपर्यंत झालं. हे मला जरा लागलंच. लुगड्यांचा मोठा फ्रीज या बॅटरीवर चालला नसता, तो होता तिथंच राहिला. आमचा लहान फ्रीज तिच्या दुकानात, साखरेच्या पोत्याशेजारी बसला. मी मावशीला नियम सांगितले. वर सावली नको. वर काही वाळत घालायचं नाही.

"दोन ओळी पापड?"

"एक पण नाही."

"येवढं ऊन नुसतं विजेलाच घालायचं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून मला शंका आली की मी निघालो की पापड येणार.

चार वाजता लाल आकडा आठवर आला. मावशीनं आपली बाटली स्वतःच्या हातानं आत ठेवली. मडकं रिकामं झालं.

परतताना

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना ते मडकं अव्वाच्या पायांशी ठेवलं. मोठ्यात वाळू, वाळूत लहान, आत तिच्या बाटल्या. बाहेरून ओलं पोतं. शेजारी पाण्याचा जार आणि एक तांब्या. माझ्या छपरावर चार पट्ट्या होत्या, आणि त्यांवर काहीही नव्हतं.

भोकरपर्यंत अव्वानं एक तांब्या ओतला. मला तहान लागली म्हणून मी हात पुढं केला. तिनं जारकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "नांदेडला पी," ती म्हणाली. नांदेडला जारची दुकानं बंद होती. त्या दिवशी तिथंही पाणी आलं नव्हतं. मग आम्ही वाटणी केली. पोत्याला जेवढं लागेल तेवढं आधी, उरेल त्यात तिघं. उमा या सगळ्या वेळात थर्मासाबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाहीये हे मला सगळ्या रस्त्यानं ऐकू येत होतं.

पोतं वाळतं किती लवकर हे मला तेव्हा कळलं. खिडकीतून झळ आली की एक कड पांढरी पडायची, अव्वा बोटानं चाचपायची, आणि तिथं घोटभर ओतायची. मी आरशातून बघत होतो. एका दिवसात माझे ओठ फुटले. मावशीनं हे सात उन्हाळे केलं होतं, आणि रोज संध्याकाळी फोनवर ‘बरी हाय’ म्हणाली होती.

लोह्याच्या पुढं संध्याकाळच्या सुईसाठी गाडी कडेला घेतली. मी थर्मामीटर काढला, अव्वानं हातानंच नको म्हटलं. बाटली काढून तिनं गालाला लावली.

"गार हाय," ती म्हणाली.

सुई झाल्यावर तिनं फोन लावायला सांगितला. मी स्पीकर चालू केला.

"अक्का, घेतलीस का सुई?"

"घेतली," मावशीचा आवाज आला. "लई गार गं. दंड थरथरून राहिला."

"आन् पाणी? तीन तांबे उरले असतील की आज."

पलीकडं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उरले न्हाईत," ती म्हणाली. "पिले मी. एका बैठकीला, तीनी. आता पोट हलवलं की वाजून राहिलं."

अव्वा हसली. हसता हसता तिनं हातातला तांब्या वाकवला आणि त्यातलं शेवटचं पाणी पोत्याच्या सुकलेल्या कडेवर ओतलं.